बबनमामा, तुमचा काढा आणि माझ्या गोळ्या

मामा, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होते. नाक चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी. फोन आपल्या फिटर जाधवांचा होता. "सिस्टर, बबनमामा गेले. पहाटे, झोपेतच." मी "काय सांगता" एवढंच म्हटलं, पण आवाज असा काही निघाला की जाधवांना वाटलं मी रडतेय. ते बिचारे माझीच समजूत घालायला लागले. खरं तर रडू फोन ठेवल्यावर आलं. आणि रडता रडता हसूही आलं. महाळुंग्याच्या अख्ख्या कंपनीला इतकी वर्षं सर्दी-खोकल्यावर शहाणपण शिकवणारी नर्स, तुमच्या जाण्याची बातमी ऐकताना स्वतःच शेंबडी होती. तुम्हाला हे कळलं असतं तर आठवडाभर येईल त्याला सांगत बसला असता.

आपली ओळखच मुळी भांडणाने झाली. मी कंपनीत नवी होते. दिवाळीनंतरची थंडी पडलेली, सकाळच्या शिफ्टला प्रेस शॉपमधली अर्धी माणसं खोकत होती आणि माझ्या दवाखान्यात मात्र कुणी फिरकत नव्हतं. चौकशी केली तर कळलं, सगळे कॅन्टीनच्या मागच्या दाराशी रांग लावतात. मी तरातरा तिकडे आले. डोक्याला रुमाल गुंडाळून तुम्ही मोठ्या पातेल्यातून ओगराळ्याने काहीतरी हिरवट-काळं स्टीलच्या ग्लासांत ओतत होता.

"यात काय काय घातलंय?" मी विचारलं.

"अडुळसा, तुळस, आलं, गवती चहा, मिरी, ज्येष्ठमध. आन् गूळ, न्हायतर ही बेणी पीत न्हाईत."

"प्रमाण काय?"

"मूठ."

"कुणाची मूठ?"

तुम्ही ओगराळं खाली ठेवलंत आणि हात वर करून दाखवलात. "ही."

रांगेतली माणसं हसली. मला राग आला. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "तुमी नव्या शिष्टर व्हय? घ्या की अर्धा ग्लास. घसा बसलाय तुमचा." घसा खरंच बसला होता. मी घेतला नाही.

पुढे कळलं, की कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून अडुळशाची जी दाट रांग आहे ती माळ्याने लावलेली नाही. ती तुमच्या भावकीच्या शेताचा जुना बांध होता. जमीन गेली, पत्र्याची शेड उभी राहिली, शेतकरी बबनचा कॅन्टीनवाला बबनमामा झाला. भिंत बांधणाऱ्यांनी जेसीबी आणला तेव्हा तुम्ही तिथे जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, भिंत चार फूट आत घ्या, तुमचं काय जातंय. त्यांनी घेतली. हे मला तुम्हीच सांगितलंत, अडुळशाची पानं खुडता खुडता. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. "ह्याला शेळीसुदिक तोंड लावत न्हाई शिष्टर, म्हून तर बांधाला लावत्यात," एवढंच म्हणालात. "शेळीला जे कळतं ते तुमच्या कामगारांना कळत नाही," मी म्हटलं. त्यावर तुम्ही जे हसलात, त्या दिवसापासून आपलं भांडण हे भांडण राहिलं नाही. ते रोजचं काम झालं.

माझं म्हणणं साधं होतं. सर्दी आपली आपण बरी होते. त्यासाठी पातेलंभर पाला उकळायची गरज नाही.

"मंग तुमची गोळी काय करती?" तुम्ही विचारलंत.

"नाक वाहायचं थांबतं. अंग दुखायचं थांबतं. ताप उतरतो."

"म्हंजी सर्दी बरी न्हाई करत."

"नाही. पण आराम पडतो."

"माझा काढाबी आरामच पाडतो की. आन् तुमची गोळी घेऊन ते पोरगं काल मशीनवर डुलक्या खात हुतं. हात गेला असता त्याचा."

तुमचं खरं होतं. सर्दीच्या त्या गोळीने झोप येते हे मला पुस्तकातून माहीत होतं. प्रेसखाली हात घालणाऱ्या माणसाला ती देऊ नये हे तुम्ही कॅन्टीनच्या खिडकीतून पाहिलं होतं. मी आमच्या डॉक्टरांना सांगून त्या गोळ्या बदलून घेतल्या. तुम्हाला मात्र सांगितलं की साठा संपला म्हणून दुसऱ्या मागवल्या. मामा, साठा संपला नव्हता.

मग एका हिवाळ्यात मी वही घातली. काढा घेणारे एका पानावर, गोळ्या घेणारे दुसऱ्या, आणि काहीच न घेणारे तिसऱ्या. कोण किती दिवसांत बरा झाला ते रोज विचारून लिहायचं. तुम्हाला ही कल्पना इतकी आवडली की तुम्ही स्वतः माणसं माझ्याकडे पाठवायला लागलात. संक्रांतीनंतर मी वही घेऊन तुमच्यासमोर बसले. तिन्ही पानांवर माणसं जवळपास सारख्याच दिवसांत बरी झाली होती. मला वाटलं, आता तुम्ही हराल. तुम्ही चष्मा लावून तिन्ही पानं पाहिलीत, जणू काही वाचताच येत होतं माझं अक्षर, आणि म्हणालात, "खोकून खोकून झोप कुनाची ग्येली, ते कुठं लिवलंय?"

ते मी लिहिलंच नव्हतं. घसा किती शेकला, कफ किती सुटला, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. दिवस मोजले होते फक्त. मी तेव्हा मान्य केलं नाही, पण दुसऱ्या हिवाळ्यात वहीत एक रकाना वाढवला. त्यात तुमच्या काढ्याचं पान जरा बरं निघालं. नुसता मध चाटणाऱ्यांचं एक नवं पान घातलं होतं, ते तर आणखी बरं. हेही तुम्हाला मी अगदी पुटपुटत सांगितलं होतं. तुम्ही कानामागे हात धरून "काय म्हनालात?" असं तीनदा विचारलंत.

आता जाधवांची गोष्ट. ही लिहिताना मला अजून बरं वाटत नाही.

जाधवांचं बीपी वर्षानुवर्षं एका गोळीवर नीट होतं. त्या हिवाळ्यात ते एकाएकी चढायला लागलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी उतरेना. पायांवर सूज आली. मी त्यांना समोर बसवून खाण्यापिण्याचं एकेक विचारत गेले. मीठ कमी, लोणचं बंद, तंबाखू नाही. शेवटी म्हणाले, "घशासाठी मामांचा काढा घेतो तीनदा. आणि दिवसभर ही काडी असते तोंडात, मामांनीच दिलीय." त्यांनी खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून टेबलावर ठेवली. चांगली करंगळीएवढी जाड. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ताबडतोब बंद करा, ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की बीपी चढतं, अंगात पाणी धरतं.

मी ती काडी घेऊन कॅन्टीनमध्ये आले. जेवणाची सुट्टी होती. दीडशे माणसं जेवत होती आणि त्या सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हणाले, "मामा, तुमच्या झाडपाल्याने माणूस मरेल एखादा. मग कुणाची मूठ दाखवाल?"

तुम्ही हातातली पोळी ज्याला वाढत होता त्याच्या ताटात ठेवलीत, आणि आत निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी रांग नव्हती. पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

पंधरा दिवस असे गेले. जाधवांचं बीपी हळूहळू उतरलं, सूज गेली. माझं बरोबर होतं, मामा, आणि तरी मला जेवण जात नव्हतं. बरोबर असणं वेगळं आणि दीडशे माणसांसमोर म्हाताऱ्या माणसाला तसं बोलणं वेगळं. माफी मागायची म्हणून मी दोनदा कॅन्टीनच्या दारापर्यंत आले आणि चहा घेऊन परत गेले.

शेवटी तुम्हीच आलात. दवाखान्याबाहेर चपला काढल्यात, पेशंटच्या स्टुलावर बसलात. मला वाटलं, बरं नाही. मी बीपीचा पट्टा हातात घेतला.

"मला काय न्हाई झालं," तुम्ही म्हणालात. "शिष्टर, कुनाला काय द्यायचं न्हाई ते मला शिकवा."

मी माफीचं जे काही मनात जुळवलं होतं ते सगळं विसरले. "मामा, मी त्या दिवशी..." एवढं बोलले, तर तुम्ही हात हलवून ते बाजूला सारलंत. "ते ऱ्हाऊ द्या. शिकवा."

आठवडाभर तुम्ही रोज अर्धा तास यायचात. बीपीवाल्याला ज्येष्ठमध नाही. गरोदर बाईला विचारल्याशिवाय काही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, चाटणसुद्धा नाही. पोटात जळजळ असणाऱ्याला मिरी कमी. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळचा ताप आला, वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं, तर काढा नाही, थेट दवाखाना. तुम्ही लिहून घेतलं नाहीत. पाढ्यासारखं घोकून घेतलंत. काढ्यातून ज्येष्ठमध कायमचं गेलं. आणि मग जी रांग सुरू झाली ती पूर्वीच्या दुप्पट वेळ चालायची, कारण तुम्ही प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायला लागलात. "बीपी हाय का? किती दिस झालं? रातचा घाम येतो का?" माणसं वैतागून म्हणायची, "मामा, काढा देताय का नोकरी?" मी खिडकीतून ऐकायचे आणि मला एवढं हसू यायचं, की समोरच्या पेशंटला वाटायचं त्यालाच हसतेय.

करोनाच्या काळात तर सगळं जगच तुमच्या बाजूला गेलं. ज्याला त्याला काढा हवा होता. तेव्हा तुम्हीच एकाला झापलेलं मला आठवतं. तोंडभर फोड आलेले, आणि हा दिवसातून सहा वेळा मिरीचा काढा पितोय. "आरं, मिरी हाय ती, शेंगदाणं न्हाईत. आन् ह्यानं तो रोग जात न्हाई. मास्क वर कर आदी."

माणिकचं तुम्ही जे केलंत त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले का, मला आठवत नाही. बहुतेक नाही.

माणिक बीडकडचा, ठेकेदाराकडे कामाला, घरी बायको आणि दोन लेकरं. माझ्याकडे यायला तो घाबरायचा. दवाखान्यात नाव लागलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतो, असं त्याच्या मनात बसलेलं. तुमच्या रांगेत मात्र यायचा. तुम्ही विचारायचात, किती दिवस झाले, तो म्हणायचा आठ दिवस. पुढच्या आठवड्यात पुन्हा आठ दिवस. एके दिवशी तुमचं लक्ष त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. तुम्ही ग्लास मागे घेतलात.

"तुला माझा काढा न्हाई."

"का ओ मामा? मी काय केलं?"

तुम्ही मनगट धरून त्याला आवारातून चालवत माझ्या दारात आणून उभा केलात. तुमचा श्वास लागला होता. म्हणालात, "शिष्टर, हा खोकला माझा न्हाई. हा तुमचा हाय."

टीबी निघाला. वेळेत निघाला. सरकारी दवाखान्यात औषधं सुरू झाली. ठेकेदाराने कुरकूर केली तेव्हा डॉक्टरांनी पत्र दिलं, मी पत्र घेऊन एचआरच्या साहेबांकडे गेले, आणि तुम्ही, मला हे नंतर कळलं, ठेकेदाराला सांगून आलात की माणिकची जागा गेली तर उद्यापासून तुझ्या माणसांना चहा मिळणार नाही. यातल्या कशाचा उपयोग झाला देव जाणे. माणिक सहा महिन्यांत बरा होऊन कामावर आला. आता फोर्कलिफ्ट चालवतो. गाल वर आलेत.

त्याचा रिपोर्ट आला त्या दुपारी मी कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर येऊन बसले होते. तुम्ही तांदूळ निवडत होता. काही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगितलं. माझे वडीलही असेच खोकायचे. आकुर्डीला आमचं दोन खोल्यांचं घर होतं, बाबा कंपनीत कामाला. आठ महिने ते खोकले आणि आठ महिने आई त्यांना आल्याचा रस, मध, हळदीचं दूध देत राहिली. ज्याने जे सांगितलं ते तिने केलं. एक्सरे काढला तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ गेलं होतं. बाबा वाचले, पण कामावर पुन्हा गेले नाहीत. मी तेव्हा नववीत होते. नर्स का झाले, तर त्यासाठी. आणि आईवरचा राग मनातून कधी गेला नाही. तोंडाने बोलले नाही, पण तिच्या हातचं आलं घातलेलं काही मी त्यानंतर प्यायले नाही.

तुम्ही तांदळातला खडा काढून बाजूला टाकलात. "आय चुकली न्हाई तुमची," म्हणालात. "मला तुमी शिकवलं. तिला कुनी शिकवलं?"

त्या संध्याकाळी घरी गेले आणि आईला म्हटलं, आल्याचा चहा कर. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठून इतकं आलं किसलं तिने, की तो चहा घशाखाली उतरेना. दोघींनी मिळून प्यायला. मामा, घरात वर्षानुवर्षं जे अडकून बसलं होतं ते त्या दिवशी सुटलं, आणि ते तुमच्यामुळे. हे सांगायला मी तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी आले होते. तुम्ही म्हणालात, "आज काय भाजी चांगली झाल्याली न्हाई," आणि मी भाजीवर बोलून परत गेले.

आता एक कबुली. तुम्ही निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी मला पुण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे औषधशास्त्राच्या एक बाई शिकवत होत्या. खोकल्याच्या औषधात कफ पातळ करण्यासाठी जे घालतात, जे मी इतकी वर्षं बाटल्या भरभरून देत आले, ते कशावरून बनवलं ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. अडुळशावरून. अडुळशाच्या पानात जो गुण सापडला, त्याच्यावरच काम करून प्रयोगशाळेत ते औषध तयार झालं. मी त्या वातानुकूलित हॉलमध्ये एकटीच मोठ्याने हसले. सगळ्यांनी वळून पाहिलं. बाईंनी विचारलं, काही शंका आहे का? मी म्हटलं, नाही, खात्री झाली.

परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय शिकून आलात?" मी म्हणाले, "काही नाही, नेहमीचंच." तुम्हाला सांगितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. तुम्ही ते भिंतीवर रंगवून घेतलं असतं. तुमच्या निरोपाच्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं, तर त्या दिवशी माझा घसा दाटून आला आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "शिष्टरला सर्दी झाली वाटतं." पुढे दर थंडीत तुमचा फोन यायचा, रांग किती मोठी झाली ते विचारायला. दर वेळी सांगता सांगता राहिलं. या वर्षी नक्की सांगणार होते.

काल तुमच्या घरी जाऊन आले. अंगणात गावची माणसं बसलेली, जाधव होते, माणिक लेकरांना घेऊन आला होता. मामी आतल्या खोलीत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि मला खोकल्याची उबळ आली. मामी उठायला लागल्या, "थांबा, गरम पानी देते." मी म्हटलं, "मामी, राहू द्या. मामांचा काढा असता तर घेतला असता आज."

मामींनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय? त्यांनी जल्मात कदी अडुळसा तोंडाला लावला न्हाई."

"म्हणजे?"

"कडू लागतो म्हून. सर्दी झाली की तुमच्याच गोळ्या खायाचे. माझं नाव सांगून आनायचे ना तुमच्याकडून?"

दर थंडीला तुम्ही दवाखान्यात येऊन सांगायचात, मामीला बरं नाही, दोन दिवसांच्या गोळ्या द्या. मी काळजीने विचारायचे, ताप आहे का, जेवण जातं का. तुम्ही गंभीर चेहऱ्याने सगळ्याची उत्तरं द्यायचात.

"आन् मला तर गोळी गिळताच येत न्हाई," मामी म्हणाल्या.

मग मीही त्यांना माझ्या खोकल्याच्या औषधाचं आणि अडुळशाचं सांगून टाकलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग त्यांना का न्हाई सांगितलं?"

"वर्षभर ऐकवलं असतं मला."

"वरीसभर?" मामी म्हणाल्या. "जल्मभर." आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी काढत हसत राहिल्या, आणि त्यांना बघून मीही. बाहेरच्या माणसांना वाटलं आत आकांत चाललाय. कुणीतरी दारात येऊन म्हणालं, "मामी, सावरा."

मामा, ते गोळ्यांचं जर तुमच्या हयातीत कळलं असतं, तर मी अडुळशाचंही सांगून टाकलं असतं. मग आपण बरोबरीत सुटलो असतो आणि भांडायला काही उरलं नसतं. बरं झालं नाही कळलं. अडुळशापुरते तुम्ही जिंकलात, हे मी आज लेखी देते. मुठीच्या मापाबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे.